चास, पाबळ आणि मधला खंडोबा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते दिवसा शाळेत शिकवायचे आणि रात्री कुणाकडे जागरण असलं की वाघ्यांच्या मागे वही घेऊन बसायचे, हे इथल्या जुन्या मंडळींना ठाऊक आहे. म्हणून मी त्यांच्याच आवडीचा विषय घेतला आहे: ऐतिहासिक कादंबरीतलं ठरवून केलेलं लग्न, आणि त्या लग्नाबद्दल लोककथा काय सांगते. पिंपरी-चिंचवडसारख्या कारखान्यांच्या गावात हा विषय कशाला, असं कुणाला वाटेल. माझं म्हणणं असं, की या विषयाचं सगळं सामान आपल्या हद्दीपासून तासाभराच्या वाटेवर पडलेलं आहे. आपण चाकणला रोज जातो, पण त्यापुढे जात नाही.

सुरुवात मात्र थोडी लांबून, स्कॉटलंडपासून करतो. ऐतिहासिक कादंबरी हा प्रकार जगभर पोचवला तो सर वॉल्टर स्कॉटनं, आणि आपल्या हरिभाऊ आपट्यांपर्यंत तो प्रकार पोचला त्यातही स्कॉटचा वाटा मोठा आहे. स्कॉटची ‘द ब्राइड ऑफ लॅमरमूर’ ही कादंबरी १८१९ सालची. लूसी ॲश्टन नावाची मुलगी, एडगर रेव्हन्सवुड नावाचा मुलगा. मुलीच्या बापानं कोर्टकचेऱ्या करून मुलाच्या घराण्याचा जमीनजुमला गिळलेला. दोघं एका झऱ्यापाशी एकमेकांना वचन देतात, सोन्याच्या नाण्याचे दोन तुकडे करून एकेक जवळ ठेवतात. त्या झऱ्याबद्दल तिथं जुनी दंतकथा आहे, की रेव्हन्सवुड घराण्याच्या माणसाला तो लाभत नाही. मुलीची आई कर्तबगार आणि करारी. ती दुसरं स्थळ ठरवते, पत्रं अडवते, बायबलातलं वचन काढून दाखवते की बापाच्या संमतीशिवाय मुलीनं दिलेला शब्द हा शब्दच नव्हे. लग्न लागतं. त्या रात्री नवरी नवऱ्याला भोसकते, वेड्यासारखी कोपऱ्यात बसलेली सापडते आणि थोड्याच दिवसांत मरते.

या कादंबरीमागे घडलेली गोष्ट आहे. जेम्स डॅलरिंपल हा स्कॉटलंडचा फार मोठा कायदेपंडित. त्याची मुलगी जॅनेट. १६६९ च्या ऑगस्टमध्ये तिचं लग्न डेव्हिड डन्बार याच्याशी झालं आणि सप्टेंबरात ती वारली. तिनं आधी दुसऱ्याला शब्द दिला होता. एवढ्यावर लोकांनी तीन गोष्टी रचल्या. एकीत नवरीनं नवऱ्याला भोसकलं, दुसरीत नवऱ्यानं नवरीला, आणि तिसरीत पहिला प्रियकर खोलीत लपून बसला होता. स्कॉटला ही कथा घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकायला मिळालेली. त्यानं एक पाठ निवडला आणि तो छापला. पुढे १८३५ मध्ये डोनिझेत्तीनं त्याचा ऑपेरा केला, आणि लूसीचं वेड सगळ्या युरोपनं टाळ्या वाजवून पाहिलं.

मला या कादंबरीतली एक गोष्ट फार खुपते. लूसी ऐकत नाही म्हटल्यावर तिची आई तिच्या उशाशी एक म्हातारी नेमते, एल्सी गूर्ले. गावात चेटकीण म्हणून बदनाम असलेली बाई. ती काय करते? मुलीला गोष्टी सांगते. भुताखेतांच्या, शापांच्या, त्या घराण्याच्या वाईट शेवटांच्या. आजारी मुलीचं मन मोडावं म्हणून रोज थोडं थोडं तिच्या कानात ओतते. म्हणजे ठरवलेलं लग्न पार पाडण्यासाठी लोककथा हत्यार म्हणून वापरली जाते. स्कॉट स्वतः लोकगीतांचा मोठा संग्राहक. १८०२-०३ मध्ये त्यानं सीमाभागातल्या पोवाडेवजा गीतांचे खंड काढले होते. जेम्स हॉग या धनगर कवीच्या आईनं, मार्गारेट लेडलॉनं, त्याला काही गीतं गाऊन दिली आणि नंतर त्याला तोंडावर सुनावलं, की ही गाणी गाण्यासाठी होती, वाचण्यासाठी नव्हती. तुम्ही ती छापलीत आणि मोडलीत. एवढं ऐकून घेतलेल्या माणसाच्या कादंबरीत गोष्ट सांगणारी बाई चेटकीण व्हावी, याचं मला वाईट वाटतं.

आता आपल्याकडे या.

आपली ऐतिहासिक कादंबरी १८७१ च्या ‘मोचनगड’पासून धरतात, रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची. पण तिला खरं बळ दिलं हरिभाऊंनी. ‘गड आला पण सिंह गेला’ १९०३ ची. तानाजीच्या मुलाचं, रायबाचं लग्न ठरलेलं आहे आणि ते बाजूला ठेवून बाप कोंढाण्यावर जातो, ही गोष्ट शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यातून चालत आलेली. ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये पोवाड्यांचा संग्रह छापला, तेव्हापासून ती पुस्तकात आहे. मराठीत ठरलेल्या लग्नाचा याहून प्रसिद्ध प्रसंग नाही. आणि रायबाच्या नवरीचं नाव विचारलं तर या सभागृहातले किती जण सांगू शकतील? लग्न दोघांचं होतं. मुहूर्त मोडला तेव्हा तिच्याही दारातला मांडव थांबला असेल, तिच्याही हळदीचं काय करायचं असा प्रश्न तिच्या आईला पडला असेल. पोवाड्याला त्या घरात जायला सवड नव्हती, कारण त्याला गडावर जायचं होतं. कादंबरीला सवड होती.

रणजित देसाईंची ‘स्वामी’ १९६२ ची. तिनं सवड काढली, हे कबूल करायलाच हवं. माधवराव आणि रमाबाई यांचं लहानपणी ठरवून झालेलं लग्न आणि त्यातून उमललेलं प्रेम तिनं मराठी घराघरांत नेलं. माझ्या पिढीतल्या कित्येक बायकांनी आपला संसार त्या पुस्तकाशेजारी ठेवून पाहिला. पण ते प्रेम थेऊरला, १७७२ च्या नोव्हेंबरात, चितेपाशी जाऊन पूर्ण होतं. सती जाणं हा त्या प्रेमाचा पुरावा ठरतो. इतिहासात तसंच घडलं, त्याला लेखक काय करणार! तरी ठरवून केलेल्या लग्नाची आपली सर्वांत लाडकी कादंबरी अशा ठिकाणी संपते, याचा विचार आपण पुरेसा केलेला नाही.

आणि १९७२ ची ‘राऊ’, ना. सं. इनामदारांची. बाजीराव आणि मस्तानी. इथून मी तुम्हाला खेड तालुक्यात नेतो.

राजगुरुनगरच्या पश्चिमेला भीमेकाठी चास आहे. चासकमान धरणामुळे तुम्हाला नाव ठाऊक असेल. काशीबाई पेशवे या चासच्या. महादजी कृष्ण जोशी हे त्यांचे वडील, मोठे सावकार. माहेरी त्यांना लाडूबाई म्हणत. पेशवे बाळाजी विश्वनाथांच्या थोरल्या मुलासाठी, म्हणजे बाजीरावांसाठी, हे स्थळ केलं गेलं ते दोन घराण्यांच्या सोयीनं. एकीकडे उगवती सत्ता, दुसरीकडे पैसा. त्या काळच्या रीतीनं चोख ठरवलेलं लग्न. चासला काशीबाईंनी पुढे सोमेश्वराचं मंदिर बांधलं, ते आजही उभं आहे.

राजगुरुनगरच्या पूर्वेला, शिरूरच्या वाटेवर, पाबळ आहे. तिथं मस्तानीची कबर आहे. छत्रसालाची मुलगी म्हणून ती ओळखली जाते. १७२९ मध्ये महंमदखान बंगशानं बुंदेलखंडात छत्रसालाला कोंडीत धरलं, बाजीराव धावून गेले, आणि त्या मदतीच्या पाठोपाठ मस्तानी पुण्यात आली. आपण या जोडीला प्रेमाची जोडी म्हणतो आणि काशीबाईंच्या लग्नाला ठरवलेलं लग्न. वास्तविक मस्तानीचं येणं हेही राजकारणानंच ठरवलेलं होतं. तिलाही कुणी स्थळ पसंत आहे का, असं विचारल्याचं आपल्याला माहीत नाही. प्रेम झालं ते नंतर. म्हणजे दोन्ही लग्नं ठरवून झालेली. एकात सावकारी होती, दुसऱ्यात तह.

आणि या दोन गावांच्या मधल्या टापूत, भीमेच्याच खोऱ्यात, निमगाव-दावडीचा खंडोबा आहे. आपल्या भागातल्या कित्येक घरांचा कुलस्वामी. आकुर्डीच्या खंडोबा माळावर जाणारे तर इथं बरेच बसले असतील.

ही तिन्ही ठिकाणं शेजारी असणं योगायोग म्हणून सोडून देता येईल. मला तसं वाटत नाही. काशीबाई आणि मस्तानी यांच्या गोष्टीत जे पेशव्यांच्या पुण्याला पेललं नाही, ते याच मातीतल्या माणसांनी आपल्या देवाच्या गोष्टीत आधीच पेललेलं होतं. ते कसं, हे सांगायला मी आज उभा आहे.

खंडोबाची पहिली बायको म्हाळसा. नेवाशाच्या तिम्मशेट लिंगायत वाण्याची मुलगी. बापाला स्वप्नात दृष्टांत झाला, स्थळ ठरलं, पालीला लग्न लागलं. सातारा जिल्ह्यातल्या पालीला ते अजूनही दर पौषात लागतं आणि भंडाऱ्यानं सगळी नदी पिवळी होते. जातीतली नसली तरी रीतसर, वडीलधाऱ्यांनी लावलेली अशी ही बायको. दुसरी बाणाई. धनगराची मुलगी, चंदनपुरीची, मालेगावजवळचं चंदनपुरी. तिच्याशी लग्न देवानं आपल्या मनानं केलं. सारीपाटात म्हाळसेशी पैज हरला आणि बारा वर्षांचा वनवास पदरी घेऊन निघाला. रूप बदललं, फाटक्या कपड्यांत धनगरवाड्यावर चाकरीला राहिला. मेंढरं राखली, लेंड्या झाडल्या. मेंढरं धुवायला सांगितली तर नदीवर नेऊन आपटून आपटून मारली, आणि बाणाई रडायला लागली तेव्हा म्हणाला, उठवून देतो, पण लग्न करशील तर. मेंढरं उठली, लग्न झालं.

इथपर्यंत गोष्ट कुठल्याही प्रेमकथेसारखी आहे. जगातल्या बहुतेक प्रेमकथा इथं थांबतात. खंडोबाची इथून सुरू होते. देव बाणाईला घेऊन जेजुरीला येतो, आणि दारात म्हाळसा उभी असते.

मग जे भांडण होतं त्याला मराठी लोकवाङ्मयात तोड नाही. म्हाळसा वाण्याची, सोवळ्याची, शाकाहारी. तिला बाणाईच्या अंगाचा लोकरीचा वास सहन होत नाही, तिच्या हातचं मटण घरात नको. बाणाईही गप्प बसणारी नव्हे. तुझा नवरा आपल्या पायांनी माझ्या दारात आला, मी बोलवायला आले नव्हते. म्हाळसेला रीतीचा आधार, बाणाईला देवाच्या मनाचा. आणि देव? तो कधी हिची समजूत काढतो, कधी तिची, आणि बरेचदा दोघींकडून ऐकून घेतो. शेवट काय? कुणी भोसकत नाही, कुणी वेडी होत नाही, कुणी चितेवर चढत नाही. जागा वाटून घेतल्या जातात. जेजुरीच्या गडावर मुख्य देवळात देवाशेजारी म्हाळसा आहे, आणि चढताना निम्म्या वाटेवर बाणाईचं देऊळ आहे. धनगर तिथं थांबल्याशिवाय वर जात नाही. वर पुरणाचा नैवेद्य, खाली बकरं. एकाच देवाची दोन घरं एकाच डोंगरावर, आणि दोन्हींकडे पूजा. पुढे तर खंडोबाला शिंपीण रंभाई, माळीण फुलाई आणि मुसलमान भागवानाची चंदाई अशा आणखी बायका सांगतात. एकेक समाज आपली मुलगी देवाला देऊन त्या डोंगरावर जागा मिळवतो.

हे सगळं ज्यांनी आपल्याला नीट दाखवलं त्यांतले एक, रा. चिं. ढेरे, आपल्या शेजारचे. अंदर मावळातल्या निगडे गावी १९३० मध्ये त्यांचा जन्म. ‘खंडोबा’ हे त्यांचं पुस्तक १९६१ चं. दुसरे गुंथर सोन्थायमर, जर्मनीहून आले आणि धनगरांच्या मागे वर्षानुवर्षं हिंडले, त्यांच्या ओव्या टेपवर घेतल्या. १९९२ मध्ये गेले. धनगरवाड्यांवर त्यांची आठवण पुढे बरीच वर्षं निघायची.

आता जागरण. ही गोष्ट पुस्तकात वाचणं वेगळं आणि जागरणात ऐकणं वेगळं. आपल्या पट्ट्यात अजून लग्न झालं की पहिल्या काही दिवसांत घरी जागरण-गोंधळ घालतात. चिखलीतल्या एका सोसायटीत मी बसलो होतो. मुलगा चाकणला कंपनीत, सेकंड शिफ्ट. दोन दिवस सुट्टी मिळालेली. पार्किंगमधल्या गाड्या काढून टाइल्सवर सतरंज्या घातल्या होत्या. पाटावर तांदळाचा चौक, कलश, नारळ, देवाचे टाक, पानाचे विडे, आणि वर पाच उसांची शेंडे बांधून उभी केलेली खोपी. बाजूला दिवटी आणि तेलाची बुधली. मुरळीच्या हातात घोळ, वाघ्याकडे दिमडी, मागे तुणतुणं. नवराबायको गाठ बांधून समोर. दहा वाजले तसा सोसायटीच्या चेअरमननं माईक बंद करायला सांगितला, कायदाच तो. वाघ्यानं माईक बाजूला ठेवला आणि माणसं आपोआप दोन हात पुढे सरकली. मग खरं जागरण सुरू झालं.

त्या रात्री मी गोष्टीकडे कमी आणि नव्या नवरीकडे जास्त पाहत होतो. मुलगी बीडकडची, ऊसतोडीच्या गावची. शिकलेली, फार्मसी केलेली. लग्न बायोडाट्यावरून जमलेलं, दोनदा बोलणं झालेलं, तेही घरच्यांसमोर. देखण्या कपड्यांत खाली मान घालून बसली होती. मुरळी कधी म्हाळसा व्हायची, कधी बाणाई. म्हाळसा झाली की पदर डोक्यावरून घट्ट, बाणाई झाली की कमरेला खोचलेला. दोघींचं भांडण रंगात आलं, बाणाईनं नवऱ्याच्या पळपुटेपणावर एक टोला हाणला, मागच्या बायका खदखदून हसल्या आणि त्या मुलीनं मान वर केली. सासूही हसत होती. सासू आणि सून एकाच वाक्याला हसल्या, आणि दोघींनी ते पाहिलं. मुरळीनं तेवढ्यात आख्यान सोडून सरळ तिला विचारलं, सूनबाई, तू कुणाकडून? तिनं लगेच उत्तर दिलं नाही. थोड्या वेळानं म्हणाली, म्हाळसेकडून. घर तिचं आहे.

लॅमरमूरमध्येही नवरीला गोष्टी सांगतात आणि इथंही सांगतात. तिथं एका खोलीत, दार लावून, एकटीला, तिनं ऐकावं म्हणून. इथं नवऱ्यासोबत, सासूसमोर, सगळ्या भावकीत. तिथं गोष्टीत फक्त शाप. इथं दोन बायका मोठ्या आवाजात आपापलं म्हणणं मांडतात आणि देवाला ऐकून घ्यावं लागतं. संसाराच्या उंबऱ्यावर बसलेल्या मुलीला ही परंपरा सांगते की देवाच्या घरीही भांडण झालं, रीतीनं आलेल्या बाईनं तोंड उघडलं, आणि तिचं स्थान कुणी काढून घेतलं नाही. ठरवून केलेलं लग्न म्हणजे तिनं गप्प बसण्याचा करार नव्हे, हे तिला तिच्या सासरच्याच खर्चानं सांगितलं जातं. याहून मोठी गोष्ट आपल्या लग्नविधीत दुसरी मला सापडलेली नाही.

पण या परंपरेची काळी बाजू झाकून मी पुढे जाणार नाही. ज्या मुरळीच्या तोंडून हे सगळं येतं, तिचं स्वतःचं लग्न? नवस म्हणून लहानपणीच मुली खंडोबाला वाहिल्या जात. भंडारा उधळून देवाशी लग्न लावलं की दुसऱ्या नवऱ्याचा हक्क संपला. ठरवून केलेल्या लग्नाचं हे सर्वांत क्रूर रूप, कारण इथं नवरा कधी बोलतच नाही आणि गाव मात्र तिच्यावर हक्क सांगतं. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी या प्रथेविरुद्ध मोहीम उघडली. त्यांच्या ‘सोमवंशीय मित्र’ मासिकात १९०९ मध्ये शिवूबाई या मुरळीचं पत्र छापून आलं, आणि तिच्याशी लग्न करायला एक कार्यकर्ता पुढे झाला. एका मासिकानं जमवलेलं हे लग्न माझ्या मते मराठी इतिहासातल्या थोर लग्नांपैकी एक आहे. त्यावर कादंबरी का नाही? मुली वाहण्याविरुद्ध पुढे १९३४ मध्ये मुंबई प्रांतात कायदा झाला, महाराष्ट्राचा नवा कायदा त्यानंतर सत्तरेक वर्षांनी आला. आज जागरणात नाचणाऱ्या बहुतेक बाया वाहिलेल्या नसतात, त्या कलावंत असतात, त्यांना नवरा असतो, मुलं असतात, आणि बिदागीवर घर चालतं. हे चांगलंच झालं. फक्त त्यांना कलावंताचा मान द्यायला आपण अजून शिकायचं आहे.

जागरणाखेरीज बाईचं म्हणणं आणखी एका ठिकाणी साठलेलं आहे, जात्यावर. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी मुळशी, मावळ आणि आजूबाजूच्या खेड्यांत बायकांकडून ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली आणि आता त्या कुणालाही ऐकता येतात. त्यांतल्या मोठ्या भागाचा विषय लग्नच आहे. देताना बापानं काय पाहिलं, जमीन पाहिली की मुलगा पाहिला, भाऊ दिवाळीला आला की नाही, सासूचा स्वभाव, नवऱ्याचं न बोलणं. पहाटे तीनला, घर झोपलेलं असताना, आपल्यासारख्याच दुसऱ्या बाईजवळ सांगितलेलं. कोणत्याही बखरीत, कोणत्याही दफ्तरात हे नाही.

आता ओवीतला बाप जमीन पाहायचा. आज आपल्या भागात काय पाहतात? मुलगा कंपनीत परमनंट आहे की कंत्राटी. १९६२ नंतर एमआयडीसी आली, गावांच्या जमिनी गेल्या, आणि जमिनीच्या जागी बायोडाट्यात कंपनीचं नाव आलं. वधू-वर मेळाव्यात मंचावरून मुलाचं नाव सांगून झालं की पुढचं वाक्य कंपनीचं. चाकणजवळ शेती राखून राहिलेल्या पोरांना मुलगी मिळत नाही, आणि ज्यांनी शेती विकली त्यांना पैसे संपेपर्यंत मिळते. मराठवाड्यातून, खानदेशातून मुली इथं सुना म्हणून येतात. माहेर दहा-बारा तासांवर. अशा मुलीला जात्यावरची शेजारीण नाही. फ्लॅटचं दार लागलं की ती आणि मोबाइल. म्हणून चिखलीच्या त्या पार्किंगमधल्या रात्रीचं मोल मला जास्त वाटतं.

आणि म्हणूनच मला काशीबाईंची कादंबरी हवी आहे. मस्तानीच्या गोष्टीत कोपऱ्यात बसलेली, सोसणारी, पायाशी दिवा घेऊन उभी असलेली काशीबाई आपण खूप पाहिली. चासच्या सावकाराची, हिशेब कळणारी, थोरल्या घराची सून मला हवी. तिच्याविषयी जे निश्चित माहीत आहे तेवढंच केवढं आहे पाहा. १७३४ या एकाच वर्षी तिला रघुनाथ झाला आणि मस्तानीला शमशेर. एका नवऱ्याची दोन मुलं, एकाच वयाची, दोन घरांत. बाजीराव मोहिमेवर असताना घरच्यांनी मस्तानीला नजरकैदेत ठेवलं. १७४० च्या एप्रिलमध्ये नर्मदेकाठी रावेरखेडीला बाजीराव गेले. मस्तानीही त्याच सुमारास गेली. आणि तिच्या सहा वर्षांच्या पोराला काशीबाईंनी सांभाळलं. शमशेर बहाद्दर मोठा झाला, मराठ्यांच्या बाजूनं लढला आणि १७६१ च्या पानिपतात जखमी होऊन वारला. त्याच्या दोनेक वर्षं आधी काशीबाई गेल्या होत्या.

पुण्यातल्या ब्राह्मणांनी त्या पोराला आपलं म्हटलं नाही, हे आपण शाळेत शिकतो. मग काशीबाईंनी कशाच्या बळावर म्हटलं? स्कॉटची रीत वापरली तर उत्तर मिळणार नाही, कारण त्या रीतीत दुसरी बाई आली की एकीला मरावं लागतं. ‘स्वामी’ची रीत वापरली तर काशीबाई देवी होतील. जागरणाची रीत वापरून पाहा. तिथं म्हाळसा रागावते, बोलते, टाकून बोलते, आणि तरीही डोंगरावर निम्म्या वाटेवर जागा सोडते. काशीबाई आणि मस्तानी यांना एकमेकींशी भांडू द्या. सरळ, मोठ्यानं, खेडच्या बोलीत. बाजीरावांना मधे बसून ऐकू द्या. आजवर आपण त्या दोघींना पडद्यावर एकत्र नाचायला लावलं. भांडायला कुणी लावलं नाही. ते भांडण लिहिलं गेलं तरच १७४० नंतर ते पोर कडेवर कसं आलं हे कळेल. माझ्या मनातली कादंबरी रावेरखेडीची बातमी पुण्यात येते त्या दिवशी सुरू होते; लग्न, प्रेम, मोहिमा सगळं मागे घडून गेलेलं, आणि बाईसमोर दोन सहा वर्षांची मुलं.

हे मी लिहू शकणार नाही. माझं वय झालं आणि हात निबंधाचा आहे. पण या सभागृहात मागच्या रांगांत शिफ्ट करून आलेली मुलं-मुली बसली आहेत, कविता करणारी, एकांकिका बसवणारी. त्यांना माझं सांगणं आहे. एका रविवारी राजगुरुनगरला उतरा. सकाळी चासला सोमेश्वर पाहा, दुपारी निमगावला खंडोबाची पायरी चढा, संध्याकाळपर्यंत पाबळला पोचा. एका दिवसात होतं. चासला गेलात तर जोशांच्या घराण्याबद्दल म्हाताऱ्यांना विचारा, पाबळला कबरीची देखभाल कोण करतं ते विचारा. लिहून घ्या.

आणि घरी लग्न निघालं, जागरण ठरवायला पार्टीकडे गेलात, की एक गोष्ट करा. हल्ली दोन तासांचं पॅकेज मागतात. तळी, आरती, दोन गाणी, लंगर तोडला की संपलं. बाणाईचं आख्यान सगळ्यात आधी कापलं जातं, कारण ते लांब आहे. त्यांना पूर्ण रात्रीची बिदागी द्या, आणि सांगा की बाणाई जेजुरीला आल्यापासून पुढचं सगळं म्हणा, काही गाळू नका. दहानंतर माईक बंद करा. नव्या जोडप्याला पुढे बसवा, आणि मोबाइल असेलच तर तो रेकॉर्डिंगला लावून ठेवा.